चर्चच्या आवारात जुन्या वस्तूंचा सेल: मदतनिधी उभारणाऱ्यांसाठी सुरुवातीपासून हिशेबापर्यंत

मदतनिधीसाठी चर्चच्या आवारात सेल लावायचा ठरला, की पहिल्याच बैठकीत बॅनर आणि चहापाण्यावर तासभर जातो. त्याऐवजी एक प्रश्न आधी सोडवा: संध्याकाळी जे विकलं जाणार नाही, ते कुठे जाणार? अशा सेलमध्ये माल फुकट येतो, त्यामुळे येईल तो सगळा फायदाच वाटतो. पण तो उचलायला माणसं लागतात, ठेवायला जागा लागते आणि टाकायला बहुतेक ठिकाणी पैसे पडतात. न विकला जाणारा सोफा हा देणगीच्या वेषात आलेला खर्च असतो.

म्हणून जुने कपडे, पुस्तकं, भांडी घेणाऱ्या एखाद्या संस्थेशी महिनाभर आधी बोला. त्या काय घेतात, काय घेत नाहीत, गाडी पाठवतात की आपणच पोहोचवायचं, न निवडलेला माल चालतो का, हे विचारा. अशा संस्था गाद्या, जुने डबाटाइप टीव्ही आणि ज्ञानकोशांचे जाडजूड संच सहसा नाकारतात. त्यांनी नाकारलेल्या वस्तूंची यादी तुमच्याही नाकारण्याच्या यादीत घाला, निम्मं काम तिथेच होतं. जो कचरा उरेल तो उचलायला किती खर्च येईल तेही विचारून अंदाजपत्रकात लिहा. ‘पुढच्या वर्षीसाठी ठेवून देऊ’ हा पर्याय मात्र बंद करा. चर्चच्या कोठीत वर्षभर पडलेल्या कपड्यांना ओलीचा वास लागतो आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा निवडायला तीच माणसं बसतात.

पैसा कशासाठी, आणि मंडळीचा होकार

‘गरजूंच्या मदतीसाठी’ एवढं लिहून भागत नाही. कोणत्या कामासाठी, कोणत्या संस्थेकडे, कधीपर्यंत पैसे जाणार हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. दवाखान्यासाठी एखादं यंत्र, वसतिगृहाच्या मुलांची फी, पुरात घर गेलेल्या कुटुंबांना भांडीकुंडी, असं काहीतरी डोळ्यांसमोर येईल असं. लोक घासाघीस कमी करतात ती अशा वाक्यामुळे. शब्दही जपून वापरा. ‘संपूर्ण उत्पन्न’ लिहिलं तर मांडव आणि छपाईचा खर्च दुसरीकडून आला पाहिजे. तो उत्पन्नातून जाणार असेल तर ‘खर्च वजा जाता उरलेली रक्कम’ असंच छापा.

मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, कोणीतरी हमखास येशूने यरुशलेमेच्या मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकलल्याचा प्रसंग काढतं. बायबलमधल्या चारही शुभवर्तमानांत तो आहे, तेव्हा हसून टाळू नका. ‘आपण तर फक्त आवारात विकतोय’ हे उत्तरही टिकत नाही, कारण ते सराफ आणि कबुतरं विकणारेही मंदिराच्या आवारातच बसले होते. टिकणारं उत्तर एकच: इथे कोणाचाही खाजगी फायदा होत नाही आणि कोणाला लुबाडलं जात नाही. हे उत्तर द्यायचं असेल तर ते खरं असलं पाहिजे, आणि सेलचे बरेचसे नियम त्यातूनच निघतात. त्यांच्याकडे पुढे येऊच.

पाळकांची किंवा फादरांची आणि कमिटीची मंजुरी लेखी घ्या: तारीख, जागा, पैशाचा उद्देश, जबाबदार व्यक्ती. खजिनदाराला सुरुवातीपासून बरोबर ठेवा. तात्पुरत्या विक्रीला परवाना लागतो का, कर लागतो का, चर्चच्या विम्यात असा कार्यक्रम बसतो का, रस्त्यावर फलक लावता येतात का, हे नियम प्रत्येक देशात, कधी कधी प्रत्येक शहरात वेगळे असतात. एकाच माणसाने स्थानिक कार्यालयात जाऊन हे चारही प्रश्न विचारून यावेत.

तारीख

नाताळ, ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा आणि मोठ्या सुट्ट्या टाळा. पगार नुकताच झालेला असेल असा शनिवार उत्तम. रविवारी गर्दी आयती मिळते, पण प्रभुवारी खरेदी-विक्री नको असं मानणारे मंडळीत असतील तर त्या गर्दीसाठी मनं दुखवू नयेत. पावसाची शक्यता असेल तर पर्यायी तारखेपेक्षा पर्यायी जागा बघा. सभागृह आरक्षित ठेवा, कारण तारीख बदलल्याचं सगळ्यांपर्यंत कधीच पोहोचत नाही.

माल घेताना

सेल बिघडतो तो बहुधा इथे. ‘काहीही आणा’ अशी घोषणा केली की लोक काहीही आणतात. पोटमाळा रिकामा करायची संधी म्हणून बघतात. म्हणून उपासनेनंतरच्या सूचनांमध्ये आणि पत्रकात दोन गोष्टी स्पष्ट सांगा: काय नको, आणि कधी आणायचं. माल घ्यायला सेलच्या आधीचे दोन-तीन दिवस, तेही ठरलेल्या तासांत. फाटकावर रात्री गुपचूप पिशव्या ठेवून जाणाऱ्यांसाठी ठळक पाटी लावा.

कपड्यांच्या बाबतीत बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातली तबिथा उपयोगी पडते. यापोतली ही बाई वारली तेव्हा विधवा रडत रडत तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रं येशूचा शिष्य पेत्र याला दाखवत होत्या. दिलेला कपडा कसा असावा, हे सांगायला मंडळीत याहून चांगला दाखला मिळणार नाही. बटणं तुटलेला, काखेत पिवळा पडलेला शर्ट घेऊन आलेल्या माणसाला हा दाखला अर्थात तोंडावर देऊ नये. पत्रकात ‘आपल्या भावंडाला देताना संकोच वाटणार नाही असेच कपडे आणा’ एवढं लिहिलं की पुरतं.

काही वस्तू चांगल्या दिसल्या तरी घेऊ नयेत, कारण त्यांत धोका असतो. मोटारीतली लहान मुलांची आसनं या यादीत पहिली. ती अपघातात सापडली होती का हे बघून कळत नाही, आणि त्यांचं प्लास्टिक जुनं होतं. बऱ्याच आसनांवर वापराची शेवटची तारीख छापलेली असते. हेल्मेटच्या आतला फोम एकदाच धक्का शोषण्यासाठी बनवलेला असतो, तेव्हा वापरलेलं हेल्मेटही नको. एक बाजू खाली सरकणारे बाळांचे पाळणे अमेरिकेत २८ जून २०११ पासून विकता येत नाहीत, जुनेसुद्धा. त्या सरकत्या बाजूत अडकून बाळं दगावली होती. तुमच्या देशात असा कायदा असो वा नसो, पाळणा तोच असतो. रंग उडालेली जुनी लाकडी खेळणीही बाजूला काढा. शिसं असलेल्या रंगावर अमेरिकेने १९७८ मध्ये बंदी घातली, तेव्हा त्याआधीच्या खेळण्यांच्या रंगात शिसं असू शकतं, आणि लहान मुलं खेळणं तोंडात घालतातच. ब्रिटनमध्ये सोफा-खुर्च्यांना १९८८ च्या नियमांनुसार आगरोधक असल्याचं लेबल लागतं, म्हणून तिथले सेल लेबल कापलेला सोफा परत पाठवतात. याशिवाय औषधं, उघडलेली सौंदर्यप्रसाधनं, वापरलेल्या गाद्या-उशा, शस्त्रं आणि फुगलेल्या बॅटरीची कोणतीही वस्तू सरळ नाकारा. कंपनीने बाजारातून परत मागवलेल्या वस्तूंची यादी अनेक देशांत सरकारी संकेतस्थळावर मिळते. मुलांच्या सामानाचा आणि विजेच्या उपकरणांचा मॉडेल क्रमांक तिथे तपासा.

माल घ्यायला बसवायचा तो माणूस मंडळीतला सर्वांत प्रेमळ नको, सर्वांत स्पष्टवक्ता हवा. त्याच्या तोंडी एक वाक्य द्या: ‘हे आमच्याकडे विकलं जाणार नाही, आणि टाकायचा खर्च मदतीच्या पैशातून जाईल.’ एवढं ऐकल्यावर बहुतेक जण मुकाट्याने वस्तू गाडीत परत ठेवतात. ज्येष्ठांपैकी कोणी नवऱ्याच्या आठवणीची वस्तू घेऊन आलं असेल, तर मात्र नियम बाजूला ठेवून घ्या आणि पुढे काय करायचं ते नंतर बघा.

निवडणं आणि तपासणं

प्रत्येक खिसा आणि प्रत्येक पर्स उघडून बघा, प्रत्येक पुस्तक उलटं धरून झाडा. नोटा, पत्रं, जुने फोटो, कधी अंगठी, असं बरंच काही निघतं. सापडलेल्या वस्तूसाठी एक पाकीट ठेवा, त्यावर कोणाच्या पिशवीत मिळाली ते लिहा आणि परत करा. यासाठी माल घेतानाच पिशवीला देणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी लावलेली असावी. जुने फोन आणि संगणक यांतली माहिती पुसलेली नसेल तर ते विकूच नका.

विजेच्या वस्तूंसाठी भिंतीजवळ टेबल लावून प्रत्येक वस्तू चालवून बघा आणि चिठ्ठीवर ‘तपासली, चालते’ असं लिहा. वायर कुरतडलेली किंवा प्लग सैल असेल तर थेट बाद. सेलच्या दिवशीही ग्राहकासाठी एक चालू सॉकेट ठेवा. कपड्यांच्या शिवणी, बॅगांचे कोपरे, लाकडी वस्तूंचे सांधे ढेकणांसाठी तपासा. काळे ठिपके दिसले तर वस्तू लगेच पिशवीत बंद करून इतर मालापासून लांब न्या. कपडे सोसणारे असतील तर ड्रायरमध्ये सर्वांत जास्त उष्णतेवर अर्धा तास फिरवले की ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात.

बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधा. ताटल्यांचे संच दोरीने बांधून ठेवा, नाहीतर सहाचे चार होतात. जिगसॉ कोड्यांचे तुकडे मोजत बसू नका, ‘तुकडे मोजलेले नाहीत’ असं खरं काय ते लिहा आणि किंमत उतरवा. पुस्तकावर स्टिकर चिकटवलं की मुखपृष्ठ सोलतं, म्हणून पहिल्या पानावर पेन्सिलीने किंमत. इतर वस्तूंना कागदी मास्किंग टेप बरी, ती निघताना डाग सहसा सोडत नाही.

किंमत लावणं

वापरलेल्या घरगुती वस्तूंना नव्या किमतीच्या दहा ते तीस टक्के हा अशा विक्रीत सर्वत्र चालणारा अंदाज आहे. कपडे आणि पुस्तकं खालच्या टोकाला, चांगलं लाकडी फर्निचर आणि अवजारं वरच्या टोकाला. फार तपशिलात शिरू नका. पाच-सहा ठरावीक किमती ठेवा, त्याही अशा की सुट्टे कमी लागतील. प्रत्येक किमतीला एका रंगाचं गोल स्टिकर आणि रंगांचा तक्ता चार ठिकाणी. कपड्यांना एकेक किंमत लावणं म्हणजे निव्वळ वेळेची नासाडी: सगळे शर्ट एका किमतीचे, सगळे कोट एका किमतीचे.

किमती लावायला दोघंजण बसवा, एक हात सैल असलेला आणि एक आखडता. देणाऱ्याने स्वतःच्या वस्तूची किंमत ठरवू नये, भावनेची रक्कम तीत मिसळलेली असते.

चांदी, घड्याळं, कॅमेरे, वाद्यं, जुनी नाणी, सही असलेली चित्रं अशा वस्तू आल्या तर त्या वेगळ्या कुलपात ठेवा आणि भाव बघा. इंटरनेटवर बघताना लोक मागतात ती किंमत बघू नका, वस्तू प्रत्यक्ष गेली ती बघा. दोन्हींत बरंच अंतर असतं. अशा मोजक्या वस्तूंसाठी लेखी बोली हा चांगला मार्ग आहे. वस्तूशेजारी कागद, त्यावर किमान रक्कम आणि बोली बंद होण्याची वेळ, खाली नाव आणि रक्कम लिहायला ओळी. मोठा जमाव आणि लिलाव पुकारणारा यांची गरज पडत नाही, आणि जुन्या वस्तूंचे व्यापारी आले तर ते आपापसात किंमत वर नेतात.

स्वयंसेवक स्वतः काय घेऊ शकतात

हा विषय बैठकीत कोणी काढत नाही आणि नंतर वर्षभर कुजबुज त्याचीच होते. माल निवडणाऱ्यांना सगळ्यांत आधी सगळं दिसतं. त्यांनी चांगला मिक्सर टेबलाखाली सारला, किंवा ‘मी एवढे देते’ म्हणून मनाला येईल ती रक्कम पेटीत टाकली, तर ते चोरी नसतं, पण ज्याने तो मिक्सर मदतीसाठी दिला त्याला ते कळलं की पुढच्या वर्षी तो काही देत नाही. मंदिरातल्या त्या आक्षेपाला आपण दिलेलं उत्तरही इथेच खोटं पडतं.

दुसऱ्या टोकाला जाऊन स्वयंसेवकांना खरेदीबंदी करणंही बरोबर नाही. चार दिवस धूळ खाणाऱ्यांना काही आवडलं तर त्यांनी घ्यावं. नियम सोपा ठेवा. किंमत दुसऱ्या दोघांनी लावायची, ती कमी करायची नाही, पावती करायची, आणि विक्री सुरू होऊन पहिला तास उलटल्यावरच घ्यायचं. पाळक, फादर, कमिटीचे पंच सगळ्यांना हाच नियम. बोलीच्या वस्तूंवर स्वयंसेवकाने बोली लावली तर उघड नावाने लावावी. हा नियम भिंतीवर लावलात तर कोणालाच कोणाला टोकावं लागत नाही.

व्यापारी वेळेच्या आधी फाटकाशी येऊन उभे राहतात, ‘फक्त एक नजर टाकतो’ म्हणतात. वेळेपर्यंत फाटक उघडू नका. आधी येण्यासाठी वेगळं प्रवेशशुल्क ठेवण्याची पद्धतही आहे आणि तिने पैसे मिळतात, पण गरजूंना स्वस्तात वस्तू मिळाव्यात हाही तुमचा हेतू असेल तर ती टाळलेली बरी.

मांडणी आणि जाहिरात

आत यायची वाट एक, बाहेर जायची एक, आणि बाहेरच्या वाटेवर पैसे घेणारं टेबल. दोन टेबलांमध्ये व्हीलचेअर जाईल इतकी, साधारण ९० सेंटीमीटर जागा सोडा. काचसामान मधल्या टेबलांवर, खेळणी खाली मुलांच्या उंचीवर, जड फर्निचर फाटकाजवळ म्हणजे उचलून न्यायला सोपं. कपडे ढिगात ठेवले की कवडीमोलाने जातात, हँगरवर टांगले की तेच कपडे बऱ्या किमतीला जातात. आपत्कालीन दार अडवू नका.

फलकावर दिवस, वेळ, जागा, बाण. एवढंच, आणि चालत्या गाडीतून वाचता येईल इतकं मोठं. बाकीची कहाणी पत्रकात सांगा. मंडळीबाहेरच्या शेजाऱ्यांना मुद्दाम बोलवा, कारण मंडळीतल्या लोकांनी एकमेकांचाच माल विकत घेतला तर फक्त कपाटं बदलतात. मोठ्या वस्तूंचे फोटो दोन दिवस आधी शेजारच्या व्हॉट्सॲप गटांवर टाका. फलक त्याच संध्याकाळी काढा.

विक्रीचा दिवस

घासाघिशीचं धोरण सकाळी सगळ्यांना सांगा. पहिले दोन तास लावलेली किंमत. नंतर टेबलावरच्या माणसाला थोडी सूट द्यायचा अधिकार. शेवटून दुसऱ्या तासात सगळं निम्म्या किमतीत, आणि शेवटच्या तासात एक पिशवी भरून ठरलेली एक रक्कम. बोलीच्या वस्तू यात येत नाहीत. निम्म्या किमतीची वेळ आधी जाहीर करू नये असं माझं मत आहे. जाहीर केली की सकाळचे लोक निवडून ठेवून दुपारी येतात.

‘माझ्यासाठी ठेवा, पैसे घेऊन येतो’ म्हणणाऱ्यांसाठी ‘विकली’ अशी चिठ्ठी, पण पैसे दिल्यावरच. वस्तू आहे त्या स्थितीत, परत घेतली जाणार नाही, ही पाटी टेबलावर असू द्या.

खरोखर अडलेलं कुटुंब येतं, ब्लँकेट हातात घेऊन किंमत बघतं आणि परत ठेवतं. अशा वेळी काय करायचं हे आधी ठरलेलं नसेल तर टेबलावरचा माणूस गोंधळतो. त्यापेक्षा पाळकांकडे किंवा सेवा गटाकडे आधीच काही कूपनं द्या. ती पैशासारखीच चालतील, आणि ती कोणाला दिली हे कोणी विचारणार नाही. घेणाऱ्याला इतरांसारखंच रांगेत उभं राहून खरेदी करता येते.

पैसे

बायबलमधल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात प्रेषित पौल यरुशलेमेतल्या गरीब बांधवांसाठी जमवलेली वर्गणी न्यायची व्यवस्था सांगतो. रक्कम एकट्याच्या हाती न देता तो आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला माणूस पाठवतो आणि कारणही देतो: या देणगीबाबत कोणी आपल्याला दोष देऊ नये, प्रभूपुढे आणि माणसांपुढेही व्यवहार चोख असावा. तेव्हा दोघांनी मोजायचं म्हटल्यावर ‘आमच्यावर विश्वास नाही का’ असं कोणी रुसलं, तर हा अध्याय दाखवावा.

सकाळी पेटीत सुट्टे किती ठेवले ते मोजून, लिहून, दोघांच्या सह्या. पेटीवर सतत दोन माणसं, शक्यतो एकाच घरातली नकोत. प्रत्येक विक्रीला पावती शक्य नसली तरी वहीत रक्कम लिहा, नाहीतर संध्याकाळी कमी-जास्त कळायला मार्ग उरत नाही. मोठ्या नोटा दर दोन तासांनी काढून दोघांनी कार्यालयाच्या कपाटात कुलूपबंद करायच्या. क्यूआर कोड फक्त चर्चच्या खात्याचा. ‘माझ्या नंबरवर घ्या, नंतर वळते करते’ हे कितीही चांगल्या मनाने म्हटलं असलं तरी नाही. छापलेल्या कोडवर कोणी दुसरा चिकटवलेला नाही ना, हे दिवसातून दोनदा बघा.

सेल संपल्यावर बंद खोलीत मोजणी. पेटीतली रोख, अधिक कपाटात ठेवलेली रोख, वजा सकाळचे सुट्टे, ही झाली रोख विक्री. त्यात ऑनलाइन जमा मिळवा आणि वहीशी ताळा घाला. फरक आला तर तो फरक म्हणूनच लिहा, खिशातून भरून जुळवू नका. त्याच दिवशी किंवा बँक उघडताच रक्कम भरा.

त्यानंतरचा आठवडा

उरलेला माल ठरल्याप्रमाणे त्याच संध्याकाळी गाडीत जातो. त्यासाठी सकाळपासून उभं असलेल्यांवर विसंबू नका, ताज्या दमाची वेगळी तुकडी बोलवा. तरुण संघ या कामाला चांगला, फक्त जेवणाची सोय करा. आणलेली टेबलं, हँगर, वायरी कोणाच्या आहेत त्याची यादी असेल तर परत करणं सोपं जातं.

पुढच्या रविवारी सूचनाफलकावर तीन आकडे लावा: एकूण जमा, एकूण खर्च, संस्थेला दिलेली रक्कम. संस्थेची पावती आली की तीही शेजारी. ज्यांनी वस्तू दिल्या त्यांचे आभार माना, पण कोणाची कोणती वस्तू केवढ्याला गेली हे सांगू नका. आठवणी ताज्या असतानाच अर्ध्या तासाची बैठक घेऊन कोणत्या टेबलावर गर्दी होती, काय कोणी हातातही घेतलं नाही, सुट्टे केव्हा संपले, हे वहीच्या मागच्या पानावर लिहा आणि वही खजिनदाराकडे द्या. पुढच्या वेळी काय घ्यायचं नाही याची यादी त्या पानावरूनच तयार होते.